जॅक

आमच्याकडे प्रेस म्हणजे एक तर इस्त्री,
नाही तर स्कूटरच्या नंबरप्लेटवर लाल रंगात लिहिलेली धमकी.
म्हणून देवानंद म्हणाला, "प्रेस बनवू बे,"
तेव्हा मला आधी कपडेच आठवले.

मे महिना. वाडीच्या ट्रान्सपोर्ट लाइनीत
रात्री अकरालाही पत्रा हाताला चावत होता.
कूलरमधलं पाणी संपलेलं,
तो नुसता आवाज करत होता,
घरातल्या रिटायर माणसासारखा.

लोहा ओळीतून चॅनलचे चार तुकडे, किलोच्या भावानं.
हिंगण्याच्या भंगारातून ॲल्युमिनियमच्या दोन जाड पाट्या,
त्यांच्या पोटात मोडक्या इस्त्रीची कॉइल.
स्प्रिंगा मेलेल्या लुनाच्या.
आणि जॅक मामाच्या ट्रकचा:
बाटलीसारखा, ग्रीसनं काळा,
सीटखालून उचललेला,
उजाडायच्या आत परत ठेवायचा.

गांजा वर्तमानपत्राच्या पुडीत होता.
पुडीवर अर्धी बातमी, संत्र्याचे भाव को
आणि तिथून पान फाटलेलं.
देवानंदनं तो बेकरीच्या बटर पेपरात बांधला,
त्याची आई मयताच्या घरी न्यायचा डबा बांधते
तसा, काही न बोलता.

मी दांडा मारायला बसलो.
ट्रक उचलायला जन्मलेला तो जॅक,
चिमूटभर पाल्यासमोर त्याला लाजच वाटली असेल.
चौथ्या दांड्याला फ्रेम कण्हली.
सहाव्याला काहीच नाही.
मग कागदाच्या कडेला एक रेघ ओली झाली,
फुगली,
थांबली.
तुरीच्या डाळीएवढी राळ.
बाभळीच्या डिंकासारखी, उजेडात धरली तर पिवळी.
वास चिरडलेल्या गवताचा, लिंबाच्या सालीचा,
आणि मागून थोडा डिझेलचा. तो जॅकचा.

"एवढंच?"
"एवढंच असते," देवानंद म्हणाला.
एमपीएससीचा निकाल पाहून आला
तेव्हाही हेच म्हणाला होता, ह्याच आवाजात.

पावणेदोनला शटरवर थाप.
मामा. ट्रकचं टायर बसलेलं,
सकाळी माल कोंढाळीला पोचवायचा,
आणि सीटखाली हात घातला तर रिकामी जागा.

त्यानं नाक वर केलं.
आम्ही शिव्यांची वाट पाहत उभे.
तो वाकला, जोडावरून बोट फिरवलं.
"हे वेल्डिंग कोनं केलं?"
"मी."
"टाके घातले तू. हे वेल्डिंग नाही.
अजून दोन दांडे मारले असते ना पोट्ट्या,
हा चॅनल तुह्या तोंडातून मागं निघाला असता."

मग शर्ट काढून खिळ्याला टांगला,
होल्डर मागितला, पिंपावर बसला
आणि रात्री दोन वाजता चारही जोड नव्यानं भरले.
शटरच्या फटीतून निळा उजेड रस्त्यावर सांडत होता,
कुत्री भुंकत होती,
आम्ही चोरासारखे भिंतीला तोंड करून.
"जेलात जायचं असन तर जा.
जमानतीले मी नाही येनार.
पन आंधळे होऊन नोका जाऊ."

जॅक पुसला. दांड्याचा वास घेतला.
काहीतरी विचारणार होता, विचारलं नाही.
गेला.

त्या थेंबाचं काय झालं, ते विचारू नका.
बरं, सांगतो. हसू आलं नाही.
झोप आली, आणि झोपेत टायर बदलत होतो.

देवानंद आता रायपूरला, सिमेंटच्या कंपनीत.
फोन करतो दिवाळीला, कधी विसरतो.
फ्रेम आमच्या मागच्या अंगणात आहे,
आईनं तिच्यावर पाण्याचा माठ ठेवलाय,
खाली मांजर व्याली दोनदा.
पाट्या कुठे गेल्या, माहीत नाही.

मामा कोणाला बोलला नाही.
फक्त लग्नात, तेरवीत, जिथे भेटेल तिथे,
भरल्या पंगतीत, वांग्याची भाजी वाढून घेता घेता
मोठ्यानं विचारतो,
"काऊन भाचे, वेल्डिंग कसं आहे?"

बाजूचे समजतात, माझा धंदा विचारतो आहे.
मी म्हणतो, धरून आहे.